भंडारदऱ्याच्या वाटेवर तडकलेलं चाक

आमची भंडारदऱ्याची सहल मामंजींच्या डोळ्यांमुळे ठरली. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि माझ्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, पुण्यातल्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. त्यांना काचबिंदू झाला आणि नजर दोन्ही बाजूंनी आत आत यायला लागली. समोरचं तेवढं दिसे, तेही नळीतून पाहिल्यासारखं. माणूस समोर आला तर आधी नाक दिसणार, मग कपाळ, मग शर्टाचं बटण. डॉक्टर म्हणाले, थेंब घालत राहा, पण गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलं किती टिकेल ते सांगता येत नाही. घरी आल्यावर मामंजी म्हणाले, "इतकी वर्षं मुलांकडून प्रवरा नदी, भंडारदरा धरण आणि कळसूबाई घोकून घेतली. यातलं मी स्वतः काहीच पाहिलेलं नाही. एकदा अख्खं पाहू दे, मग काय व्हायचं ते होऊ दे."

सुधाकरने त्याच आठवड्यात गाडीची सोय केली. (सुधाकर म्हणजे आमचे हे. तेव्हा नवऱ्याचं नाव घ्यायची पद्धत नव्हती. आता पंचाहत्तरी ओलांडल्यावर ब्लॉगवर खुशाल घेते.) त्याचा एक मित्र आफ्रिकेतून कायमचा परतला होता आणि येताना आपली विलायती गाडी बोटीतून घेऊन आला होता. गाडी निळी, बसकी, आणि तिची चाकं ॲल्युमिनियमची! आपल्याकडे तेव्हा ॲल्युमिनियम म्हणजे पातेली आणि शाळेच्या पेट्या. ही चाकं मात्र चांदीची वाटावीत इतकी लखलखीत, मधून फुलासारख्या पाकळ्या. मुलीला सासरी धाडताना देणार नाहीत इतक्या सूचना मित्राने गाडी देताना दिल्या. स्टेपनी आधीच वाकून त्याच्या घरी पडली होती आणि तसलं चाक इथे कुठेच मिळत नव्हतं. त्यावर त्याचा उपाय एकच, "जपून चालव." गाडी तीन दिवसांत परत हवी होती.

तुम्ही हल्ली पुण्याहून सकाळी निघालात तर जेवायला भंडारदऱ्यात पोहोचाल. आम्ही पहिल्या दिवशी संगमनेरपर्यंतच मजल मारली, कारण अंधार पडायला लागला की मामंजींना काहीच दिसत नसे आणि त्यांना वाटेतलं काही चुकवायचं नव्हतं. दिवाळी होऊन गेली होती, हवेत गारवा होता. नारायणगावला मिसळ खाल्ली, आळेफाट्याला चहा घेतला. चंदनापुरीच्या घाटात सुधाकर प्रत्येक वळणावर हॉर्न वाजवत होता आणि मागच्या सीटवर मामंजी मला नगर जिल्ह्याचे तालुके म्हणायला लावत होते. मी जामखेड विसरले. त्यावर जे सुनावलं गेलं ते ऐकून मला पुन्हा सातवीत गेल्यासारखं वाटलं. संगमनेरला एका लॉजवर उतरलो. पाच रुपयांची खोली, गरम पाणी फुकट, ढेकूणही फुकट.

दुसऱ्या दिवशी गाडीत पेट्रोल भरून घेतलं, कारण पुढे मिळेल याची खात्री कुणी देईना. अकोले गावापर्यंत रस्ता प्रवरेच्या सोबतीने जातो. दोन्ही बाजूंना ऊस, मधूनच नदीचं पाणी चमकतं. मामंजी खिडकीतून मान काढून पाहत होते. "पाणी दिसलं," ते म्हणायचे, आणि थोड्या वेळाने, "काठ दिसला." या दोन्ही गोष्टी त्यांना एकदम दिसत नव्हत्या, हे माझ्या तेव्हा नीट लक्षात आलं.

अकोल्यानंतर विठ्याचा घाट लागतो. घाट चढून वर आलो आणि एका वळणावर समोरून ट्रक आला. धरणाच्या डागडुजीचं काम चालू असल्याने त्या रस्त्यावर ट्रकांची वर्दळ होती. सुधाकरने गाडी बाजूला घेतली आणि पुढचं डावं चाक खड्ड्यात जाऊन दगडाच्या धारेवर आपटलं. आवाज असा झाला की मला वाटलं इंजिनच खाली पडलं. उतरून पाहिलं तर टायर बसला होता, आणि चाकाच्या कडेचा विड्याच्या पानाएवढा तुकडा उडून आत बोटभर तडा गेला होता. तो तुकडा मी शोधून पदरात घेतला. तशाच बसक्या टायरवर, पायी चालणाऱ्या माणसांच्याही मागून, आम्ही राजूर गाठलं.

राजूरला बाजार भरला होता. आजूबाजूच्या डोंगरातल्या गावांची माणसं डोक्यावर हिरड्याच्या पाट्या आणि भाताची गाठोडी घेऊन आली होती. सुकटीचा वास, बांगड्यांचा किणकिणाट आणि मध्येच पेढ्यांची दुकानं. (राजूरचे पेढे जरूर घ्या. खव्याला कंजुषी नाही.) आमच्या गाडीभोवती गर्दी जमली. सायकलवाल्याने टायर उतरवून ट्यूबला ठिगळ लावून दिलं, पण चाक पाहून मान हलवली. "याला दान्याल मिस्त्रीच पायजे. लोहाराच्या शेजारी बसतो बगा."

दानियल मिस्त्री मूळचा नगरचा, ख्रिस्ती. मिशनच्या कारखान्यात गॅस वेल्डिंग शिकलेला, आणि धरणावरच्या ट्रकांमुळे राजूरला येऊन स्थिरावलेला. चाळिशीचा, दाढी गुळगुळीत, आणि बोलायला एक नंबर. त्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये वेल्डिंगचा गॅस तयार करायची कार्बाइडची टाकी होती. तिचा लसूण सडल्यासारखा वास सगळीकडे भरून राहिला होता. शेजारी सखाहरी लोहाराचा भाता.

"ट्रकचा गिअरबॉक्स जोडलाय, देवळाचा कळस जोडलाय, चर्चची घंटा बी जोडलीय," दानियल म्हणाला. "ॲल्युमिनचं चाक तेवढं राह्यलं हुतं. देवानं ते बी धाडलं."

"चाक कधी केलेलं नाही का?" सुधाकरचा आवाज बारीक झाला.

"न्हाई. अन् तुमी बी कंदी मोडलं नसल."

सखाहरी लोहार त्याच्या मागून हसला. सुधाकर हसला नाही.

दुपारी बाराच्या सुमाराला राजूरहून शेंडीला एसटी जाते, असं कळलं. शेंडी म्हणजे भंडारदऱ्याचं गाव, धरणाच्या पायथ्याशी. सुधाकरने ठरवलं की त्याने चाकाशी थांबायचं आणि मी मामंजींना घेऊन एसटीने पुढे जायचं. उजेड असेपर्यंत ते धरण पाहून घेतील. उद्याचा दिवस परतीचा, त्यात चाक होतं की नाही कोण जाणे. मामंजींनी मान डोलावली. एसटीला अजून अवकाश होता म्हणून त्यांच्यासाठी शेडपाशी एक खोकं मांडलं आणि आम्ही काम पाहत बसलो.

त्या दिवशी सखाहरीकडे बैलगाड्यांच्या चाकांना धाव चढवायचं काम चाललं होतं. धाव म्हणजे लाकडी चाकावरची लोखंडी पट्टी. ती गोवऱ्यांच्या जाळात लाल करायची, चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं, म्हणजे ती आकसून घट्ट बसते. हे एकट्याचं काम नसतं. ज्याची गाडी तो तर असतोच, पण बाजाराला आलेलं कुणीही घागर, बादली, जे हाताला लागेल ते भरून उभं राहतं. धाव बसली की सगळे मिळून पाणी टाकतात, वाफेचा लोट उठतो आणि मग सगळ्यांच्या तोंडावर असं समाधान असतं की जणू गाडी त्यांचीच. माझ्यासमोर दोन चाकं अशी झाली. मी शहरातली मुलगी, तोंड उघडं टाकून पाहत होते.

दानियलने आमचं चाक त्याच जाळाच्या कडेला ठेवून हळूहळू तापवलं. मग त्यावर कपडे धुण्याच्या साबणाची वडी घासली. "लोखंड आधी सांगतं," तो म्हणाला. "लाल हुतं, पिवळं हुतं, मग वितळतं. हे काय बोलत न्हाई. हाय तसं पांढरं दिसत ऱ्हातं अन् एकदम खाली सांडतं. म्हनून साबन लावायचा. साबन काळा पडला का समजायचं, आता जपायचं."

साबण तपकिरी झाला, मग काळा. ट्रकच्या जुन्या पिस्टनचं ॲल्युमिनियम ओतून त्याने काड्या करून ठेवल्या होत्या. काडी गरम करून बाटलीतल्या पांढऱ्या भुकटीत बुडवली (ती नसेल तर जोड धरत नाही), डोळ्यांवर निळ्या काचांचा चष्मा चढवला आणि नळीच्या तोंडाशी ज्योत पेटवली. मी डोळे मिटून घेतले. एवढ्यात मामंजी म्हणाले, "मिस्त्री, मला पाहता येईल का? माझी नजर अधू आहे."

दानियलने त्यांच्याकडे वळून पाहिलं, फळीवरून पत्र्याच्या चौकटीतली एक सुटी निळी काच काढली आणि त्यांच्या हातात दिली. "ही धरा. मागं बसा. काच बाजूला घेऊ नगा, न्हाईतर उरलीसुरली बी जाईल."

मामंजी काच डोळ्यापुढे धरून पुढे वाकले. तडा गेलेली जागा आधी नुसती चमकली, मग तिच्यावर सुरकुती आली, दुधावर साय धरते तशी, आणि त्या सायीखाली धातू हलला. मी मामंजींच्या खांद्यावरून त्याच काचेतून पाहत होते. दानियलने काडीचं टोक त्या सायीत घातलं, ती फाटली आणि आत एवढंसं लखलखीत डबकं दिसलं. नखाएवढं. ते थरथरलं, काडी प्यायलं, फुगलं आणि पुढे सरकलं. मागे राहिलेलं गोठून गेलं. पुन्हा साय, पुन्हा डबकं. दोन तुकड्यांच्या मधली भेग माझ्या डोळ्यांदेखत नाहीशी होत होती. मोडलेली वस्तू चिकटवलेली मी पाहिली होती, सांधलेली पाहिली होती. तीच वस्तू पुन्हा होताना कधी पाहिली नव्हती.

"सूनबाई," मामंजी हळूच म्हणाले. "अख्खं दिसतंय."

"काय?"

"सगळंच. कड, मधलं, काडी. एकदम दिसतंय. किती महिन्यांनी!"

मग माझ्या ध्यानात आलं. त्यांच्या त्या नळीत मावेल एवढंच ते डबकं होतं.

तेवढ्यात बाजाराच्या टोकाला एसटीचा हॉर्न वाजला. सुधाकर धावत आला. "बाबा, चला, गाडी लागली. जागा धरलीय."

मामंजींनी काच खाली घेतली नाही. "जाऊ दे."

"अहो, जाऊ दे काय? उजेडात धरण पाहायचंय ना? आज हीच एक एसटी आहे. उद्या जमलं नाही तर?"

"तर नाही जमलं. हे अर्ध्यावर सोडून मी कुठेही येत नाही."

सुधाकरने माझ्याकडे पाहिलं. मी काय करणार? ज्या माणसाने आयुष्यात एकही तास अर्ध्यावर सोडला नाही, तो आता सोडणार होता थोडाच! एसटी धुरळा उडवत गेली. सुधाकर चिडून दूर जाऊन उभा राहिला, आणि खरं सांगते, मलाही धस्स झालं होतं. ज्यासाठी आलो तेच हातचं जात होतं.

शेवटी दानियलने ज्योत विझवली. पदरातला तुकडा आता चाकाचा झाला होता. त्याने घाम पुसला आणि गर्दीकडे पाहून छाती फुगवली. "बगा. पुन्याला तरी जमलं असतं का?" मग चिमट्याने चाक उचलून मोकळ्या जागेत ठेवलं आणि राख आणायला आत वळला.

आता त्या जागी सकाळपासून काय चाललं होतं ते आठवा. जाळातून चाक निघालं, जमिनीवर आलं, भोवती माणसं भरल्या घागरी घेऊन उभी. एका म्हाताऱ्या बाईने सगळ्यांत आधी आपली घागर उपडी केली. पाठोपाठ दोन बादल्या, एक कळशी, एक डबा. चर्रर्र झालं, वाफ उठली आणि त्या वाफेतून टण् असा एकच आवाज आला.

दानियल राखेची पाटी टाकून बाहेर आला. वाफ विरली. जोडाच्या शेजारून नवा तडा गेला होता, पहिल्याहून लांब. दानियल मटकन खाली बसला.

"कुनी सांगितलं हुतं पानी टाकायला?" तो ओरडला.

म्हातारी रिकामी घागर कमरेवर घेऊन तशीच उभी होती. "सांगाया कशाला लागतं? चाक तापलं का पानी टाकत्यात. आमी काय आज टाकतोय व्हय?"

"आवो आजी, ती धाव! लोखंडाची! हे एकदम निवलं का तडकतं. राखंत पुरून सावकास निववाय लागतं याला!"

"मंग आदी बोलायचं. तोंड तर लई चालतंय तुजं."

हे मात्र खरं होतं. सकाळपासून स्वतःची तारीफ करणाऱ्या दानियलला एवढी एकच गोष्ट सांगायची राहून गेली होती. सखाहरी लोहाराने कपाळाला हात लावला. सुधाकर तर रडकुंडीला आला होता. मी मामंजींकडे पाहिलं. त्यांनी एसटी सोडली होती ती याच चाकासाठी, आणि आता त्यांना धरणही नाही आणि चाकही नाही. ते उठले, चाचपडत दानियलपाशी गेले आणि म्हणाले, "पुन्हा करता येईल?"

"भुकटी थोडीच ऱ्हायलीय. पुरली तर पुरली."

"मग करा. मी बसतो."

त्यानंतर राजूरच्या त्या कोपऱ्यात जे झालं ते मला त्या सहलीतलं सगळ्यांत मोठं नवल वाटतं. पाणी ओतणाऱ्यांपैकी एकही जण घरी गेला नाही. कुणी गोवऱ्या आणल्या, कुणी चाळलेली राख आणली, भाताची तुसं पोतंभर आली. सगळ्या घागरी आणि बादल्या उचलून पार रस्त्याच्या पलीकडे मांडल्या. म्हातारी काठी घेऊन शेडच्या तोंडाशी बसली आणि कुणी नुसता पाण्याचा तांब्या घेऊन फिरकला तरी काठी उगारायची. दानियलला स्वतःला पाणी प्यायला रस्ता ओलांडावा लागला.

या खेपेला तो एक शब्द बोलला नाही. साबण काळा पडला, साय धरली, डबकं पुढे सरकत गेलं. मामंजी काच धरून बसले होते आणि भुकटी किती उरली ते मी दर थोड्या वेळाने वाकून पाहत होते. शेवटच्या टोकाला त्याने बाटली उलटी करून ठोकली. पुरली. चाक तापलेल्या राखेत आणि तुसात पुरलं, वर पोतं टाकलं, आणि आता सकाळपर्यंत कुणी हात लावायचा नाही असं दानियलने गावाला बजावलं. आम्ही त्याच्याकडेच मुक्काम केला. त्याच्या बायकोने नाचणीची भाकरी, वालाची आमटी आणि खुरासणीची चटणी वाढली. जेवणाचे पैसे तिने घेतले नाहीत. वेल्डिंगचे मात्र दानियलने एकदाचेच घेतले आणि दुसऱ्या खेपेचं आजीच्या नावावर मांडतो म्हणाला.

सकाळी राख उकरली तेव्हा चाक हाताला कोमट लागलं. जोड खडबडीत होता, चकलीसारखा. दानियलने हातोडीने हलकेच टिचकी मारून कान लावला आणि मग प्रथमच हसला. "हळू पळवा," तो सुधाकरला म्हणाला. आजीने गाडीला लांबूनच हात जोडले.

शेंडीला पोहोचलो तेव्हा उन्हं नुकती पाण्यावर आली होती. मी भंडारदरा नंतर कितीतरी वेळा पाहिला, पण तसा पुन्हा दिसला नाही. धरणाच्या भिंतीवरून समोर पाहिलं तर पाणीच पाणी, निळं, काळं, आणि त्यात उलटे उभे राहिलेले डोंगर. रतनगडाच्या माथ्यावर ढगाचा एक तुकडा अडकलेला. दुसऱ्या बाजूला दूर कळसूबाईचं टोक.

मामंजी कठड्याला धरून मान फिरवत होते. डावीकडून उजवीकडे, वर, खाली, पुन्हा डावीकडे. फळ्यावरचा नकाशा खडूने दाखवावा तसे ते एकेक तुकडा शोधत होते. "पाणी. हा डोंगराचा पाय. हे टोक. मधलं कुठे गेलं?" पुष्कळ वेळ त्यांनी प्रयत्न केला. मग त्यांनी मान फिरवणं थांबवलं. त्यांना अख्खं दिसत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. ते म्हणाले, "सूनबाई, रडतेस कशाला, सांग. डावीकडून सुरू कर. काही गाळू नकोस."

मी सांगितलं. रतनगडापासून सुरुवात केली आणि काठाकाठाने भिंतीपर्यंत आले. ते मध्येमध्ये प्रश्न विचारत होते. प्रवरा कुठून येते ते मी चुकीच्या बाजूला दाखवलं, तर न पाहताच त्यांनी दुरुस्त केलं. उन्हं वर आल्यावर आम्ही निघालो. वाटेत रंधा धबधब्यापाशी थांबलो. तिथे त्यांनी सांगू दिलं नाही, नुसतं ऐकलं. (धबधब्याच्या कडेला आता कठडे आहेत, तरी मुलांचा हात सोडू नका.) परतताना राजूरला पेढे घेतले. दानियलची शेड बंद होती. रात्रीपर्यंत पुण्याला पोहोचलो आणि ठरल्याप्रमाणे गाडी मित्राच्या दारात उभी केली. तो जोड पाहून आधी हादरला. पुढे मात्र ते चाक येईल त्याला दाखवायला लागला, आणि गाडी विकेपर्यंत ते त्याच जागी फिरत राहिलं.

मामंजींची नजर पुढच्या दोनेक वर्षांत पूर्ण गेली. त्या सहलीतून काय उरलं याचा मी पुष्कळदा विचार करते. मला वाटायचं, आम्ही त्यांना एक दिवस आधी पोहोचवलं असतं, एसटीत हाताला धरून बसवलं असतं, तर बरं झालं असतं का? ही चुटपुट एकदा मी त्यांना बोलून दाखवली, तर ते नुसते हसले. घरी कुणी आलं आणि भंडारदऱ्याचा विषय निघाला की ते मला स्वयंपाकघरातून बोलावून घ्यायचे आणि शेजारी बसवायचे. पाहुण्यांना वाटायचं, आता मास्तर वर्णन करणार.

"धरणाचं तू सांग," ते मला म्हणायचे. "चाकाचं मी सांगतो. ते मी पाहिलंय."